मोफत अ‍ॅपचे परीक्षण साध्या फोनवर व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञान पानावर दर आठवड्याला एका मोफत, उपयुक्त सॉफ्टवेअरची शिफारस येते. अंबाजोगाईत मी गेली चौदा वर्षे संगणक आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, आणि त्या सदराचे कात्रण खिशात घालून ‘हे फोनमध्ये टाकून द्या’ म्हणत येणारे वाचक मला नेहमी भेटतात. पेपरात आले म्हणजे कोणीतरी तपासूनच छापले असणार, असे ते धरून चालतात. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

गेल्या खरिपात केज तालुक्यातील एक शेतकरी ई-पीक पाहणीचे अ‍ॅप डाउनलोड होत नाही म्हणून आले. सोयाबीनची नोंद राहून गेली तर सातबारावर पीक चढणार नाही, ही त्यांची काळजी रास्त होती. ३२ जीबीच्या फोनमध्ये जेमतेम २०० एमबी जागा उरली होती, आणि ती वाढावी म्हणून त्यांनी फोन साफ करण्याचा दावा करणारी तीन ‘क्लीनर’ अ‍ॅप एकापाठोपाठ एक टाकून घेतली होती. फोन उघडला की आधी जाहिरात, ती बंद केली की ‘तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस सापडले’ अशी लाल पट्टी, आणि तिच्यावर बोट टेकले की चौथ्या अ‍ॅपचे पान. मी तिन्ही क्लीनर काढून टाकली, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन सुप्रभातचे फोटो आणि कीर्तनाचे व्हिडिओ त्यांना एकेक विचारत पुसले, आणि साडेआठ जीबी जागा निघाली. नातवाच्या बारशाचे व्हिडिओ तेवढे ठेवले. या कामाला बाहेरचे एकही सॉफ्टवेअर लागले नाही.

रॅम, म्हणजे फोनची तात्पुरती स्मृती, मोकळी करून फोन वेगवान करण्याचा दावा तर मुळातच फसवा आहे. कोणते अ‍ॅप स्मृतीत ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे अँड्रॉइड स्वतःच ठरवते. बाहेरून जबरदस्तीने बंद केलेली अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि त्यात उलट बॅटरीच खर्च होते. त्याहून गंभीर बाब परवानग्यांची आहे. बॅटरी वाचवणाऱ्या अ‍ॅपला आपले संपर्क आणि संदेश कशासाठी हवेत, हा प्रश्न सदरात एकदाही विचारलेला मला दिसला नाही. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मिळालेले अ‍ॅप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते, हे बँकेचे व्यवहार फोनवर करणाऱ्या माणसाला कोणी सांगायचे?

शिफारस एकदा छापली की जबाबदारी संपली, असेही होत नाही. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या संगणक साफ करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला आणि ती २२ लाखांहून अधिक लोकांच्या संगणकांवर पोहोचली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये कागदपत्रे स्कॅन करणारे ‘कॅमस्कॅनर’ आणि फोनमधल्या फाइली हाताळणारे ‘ईएस फाइल एक्सप्लोरर’ होते. ही दोन्ही त्याआधी मी स्वतः कित्येक गिऱ्हाइकांना टाकून दिली होती, आणि नंतर त्यांतल्या प्रत्येकाला शोधून सांगणे मला शक्य झाले नाही.

प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी आधार कार्ड, जातीचा दाखला आणि गुणपत्रिका एकत्र जोडण्यासाठी किंवा पीडीएफचा आकार कमी करण्यासाठी पहिल्या सापडेल त्या मोफत संकेतस्थळावर चढवतात. ती कागदपत्रे कोणाच्या सर्व्हरवर जातात आणि तिथे किती दिवस राहतात, याचा विचार त्या घाईत होत नाही. इंटरनेटशिवाय संगणकावरच हे काम करणारी साधने आहेत. त्यांचे परीक्षण जून-जुलैत छापले, तर उद्गीरपासून सेलूपर्यंतच्या मुलांना त्याचा थेट उपयोग होईल.

सगळेच मोफत सॉफ्टवेअर वाईट, असे माझे म्हणणे मुळीच नाही. फाइली दाबून लहान करणारे सेव्हन-झिप, व्हिडिओ दाखवणारे व्हीएलसी आणि कार्यालयीन कामाचे लिबरऑफिस ही मुक्त स्रोत (ज्यांचा मूळ कोड सर्वांना पाहता येतो अशी) सॉफ्टवेअर मी रोज वापरतो; त्यांच्यात जाहिरात नाही आणि मुदत संपण्याची भानगडही नाही. मात्र तीसुद्धा मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी लागतात, कारण इतरत्र ‘डाउनलोड’ लिहिलेले सर्वांत मोठे हिरवे बटण बहुधा दुसऱ्याच कोणाची जाहिरात असते. घातक सॉफ्टवेअर शोधून काढणारी केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनेही आहेत. त्यांच्यावर आपल्या सदरात अद्याप एक ओळ आल्याचे मला आठवत नाही.

माझी विनंती अशी की, परीक्षण महागड्या नव्या फोनवर न करता तीन-चार जीबी रॅमच्या जुन्या फोनवर आणि निदान महिनाभर वापरून करावे. अ‍ॅपच्या नावासोबत ते बनवणाऱ्याचे नाव छापावे, कारण त्याच नावाची आणि चित्राची नकली अ‍ॅप शेजारीच असतात. कोणत्या परवानग्या मागितल्या, त्या नाकारल्या तर काम चालते का, मराठी जोडाक्षरे तुटतात का आणि मजकूर पैसे घेऊन छापला आहे का, हेही स्पष्ट लिहावे. सदर लिहिणाऱ्यांना चाचणीसाठी तसे फोन हवे असतील, तर माझ्या दुकानात सात-आठ चालू स्थितीतले पडून आहेत. ते मी आनंदाने देईन.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
अंबाजोगाई, जि. बीड