सुऱ्या, बांधावरच्या फुलात अडकलोय रे

प्रिय सुऱ्या,

फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस, मी मिरचीच्या शेतात होतो. काळे थ्रिप्स, म्हणजे आपले फुलकिडे, 2015 ला भारतात पहिल्यांदा पपईवर सापडले आणि 2021 ला आंध्र-तेलंगणात त्यांनी मिरचीची फुलंच्या फुलं गाळून टाकली. माझं काम एवढंच की हा किडा मिरची नसताना राहतो कुठे.

ऐकायला सोपं वाटतं, पण किडा जेमतेम एक मिलिमीटरचा. पांढऱ्या कागदावर फूल झटकलं की आधी नुसते परागकण दिसतात, मग त्यातला एक कण चालायला लागतो. ओल्या ब्रशने उचलून अल्कोहोलमधे टाकायचा, स्लाइड करायची आणि अँटेनाचे भाग मोजायचे, या काळ्याला 7 आणि मिरचीवरच्या जुन्या पिवळ्या थ्रिप्सला 8.

बांधावरच्या एका तणावर मला हे ढिगाने मिळाले, मी खुश. सरांनी एकच विचारलं, पिल्लं होती का? नव्हती. मोठा किडा वाऱ्याने कुठेही जाऊन बसतो, तो फुलावर दिसला म्हणजे तिथे वाढतो असं होत नाही. पुढच्या खेपेला पिल्लं मिळाली, पण ओळखायची पुस्तकं बहुतेक मोठ्यांवरची, मग फुलं डब्यात ठेवून वाढवायला घेतली तर तीन दिवसात बुरशी. आणि त्या तणाचं नाव? मी नुसती पानं आणली होती, बॉटनीवाले म्हणाले फूल-फळासकट फांदी आण, आणि मी गेलो तोवर बांध साफ केलेला. अख्खा सीझन गेला रे, चूक माझीच होती, फार लागलं मनाला.

त्याहून जास्त लागलं ते त्या शेतातल्या काकांचं, त्यांनी विचारलं, "बांधावरचं तण काढू का ठेवू, तेवढं सांग." त्याच फुलांमधे थ्रिप्स खाणारे ढेकणासारखे बारके किडेही असतात, चुकीचं सांगितलं तर तेही जातील आणि फवारणी वाढेल. मला उत्तर देता आलं नाही. काका काही बोलले नाहीत, चहा दिला आणि विहिरीकडचा एक कोपरा माझ्यासाठी न कापता ठेवतो म्हणाले.

त्या कोपऱ्यात परत तेच तण उगवलंय, कळ्या आल्यात. रविवारी जातोय, या वेळी मुळासकट उपटून वर्तमानपत्रात दाबणार आणि डब्यात टिश्यू पेपर घालणार. तुझा जुना मॅक्रो लेन्स पडून असेल तर पाठव ना.

तुझा,
बाळ्या