डिकीच्या पार्टिशनसाठी पत्र्याला भोक पाडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्पोर्ट्‌स कारच्या डिकीत पार्टिशन करायचे म्हटले की १२ मिमीचा प्लाय कापा, लोखंडी अँगल लावा आणि तळाला स्क्रू मारा, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया कोणी तसे करू नये. तळाच्या कार्पेटखाली स्पेअर चाक, वायरिंग, काही गाड्यांत बॅटरी असते. पत्र्याला एकदा भोक पडले की चाकांनी उडवलेले पावसाचे पाणी तिथून आत येते आणि गंज धरतो. शिवाय एवढ्या वजनाची गरजच नाही. माझदा एमएक्स-५ ची डिकी १३० लिटरची, पोर्शे ७१८ बॉक्सटरची पुढची डिकी १५० लिटरची. एवढ्याशा जागेत घाटातल्या प्रत्येक वळणाला बॅग इकडून तिकडे सरकू नये, इतकेच काम असते. त्यासाठी किलोभराच्या आतले पार्टिशन पुरते आणि खर्च साधारण हजार रुपयांच्या आसपास येतो.

सामान म्हणजे ५ मिमीचे सनपॅक शीट. फ्लेक्स आणि बोर्ड करणाऱ्यांकडे मिळते, आत उभ्या पोकळ नळ्या असलेले प्लास्टिक. दुकानात नाव नीट सांगा, कारण सनबोर्ड मागितला तर वेगळीच वस्तू हातात पडते. सनबोर्ड हा फुगवलेला पीव्हीसी. उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडून वाकतो. सनपॅक पॉलिप्रॉपिलीनचे असते, त्याला ती उष्णता बाधत नाही. थर्माकोल कुरतडला जातो आणि करकरतो, एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, ओल्या छत्रीच्या पाण्याने फुगतो. दोन्ही नकोत.

आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. इथे घाई केली की पुढचे सगळे बिघडते. डिकीच्या भिंती सरळ नसतात, तळाशी एक माप आणि वर दुसरे. खोक्याचा पुठ्ठा अंदाजे कापून उभा धरा, जिथे फट राहील तिथे छोटे तुकडे मास्किंग टेपने जोडत जा आणि शेवटी चारही बाजूंनी ५ ते ८ मिमी कमी करा. अगदी घट्ट बसवलेले पार्टिशन प्रत्येक खड्ड्यात कुरकुरते. उंचीसाठी कणकेचे लिंबाएवढे तीन गोळे पुठ्ठ्याच्या वरच्या कडेवर ठेवा, झाकण हलकेच पूर्ण लावा आणि उघडा. गोळा दबून जितका उरला तितकीच तिथे मोकळी जागा. ती २ सेंमीपेक्षा कमी असेल तर पुठ्ठा उतरवा. बऱ्याच गाड्यांत झाकणाचे वाकडे दांडे बंद होताना डिकीत खोल उतरतात, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

आता कापणी. मधोमध, मागून पुढे जाणारे पार्टिशन धरू, लांबी ७० सेंमी, उंची २८ सेंमी. पहिला तुकडा ७० बाय ५० घ्या. त्यातले २८ सेंमी उभे राहतील आणि २२ सेंमी पायासारखे जमिनीवर पसरतील. नळ्या ५० सेंमीच्या दिशेने असाव्यात, म्हणजे उभ्या भिंतीत त्या उभ्याच येतात आणि भिंत वाकत नाही. दुमडीच्या रेषेवर सुरी चालवू नका. पोलादी पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने नळ्या दाबून चपट्या करा आणि मग काटकोनात वाकवा. वरचा पापुद्रा कापला की पाय महिन्याभरात सुटतो. दुसरा तुकडा ७० बाय २८, यात नळ्या आडव्या. तो भिंतीला पाठीमागून लावायचा. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, तीच युक्ती इथेही.

जोडायला कुठलाही डिंक किंवा रबर सोल्युशन वापरू नका. पॉलिप्रॉपिलीनला ते धरतच नाही. सुरुवातीला चिकटल्यासारखे वाटते आणि उन्हात सालीसारखे सुटून येते. अॅल्युमिनियमचे ३.२ मिमीचे रिव्हेट (भोकात घालून गनने दाबून बसवायची खीळ) आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घ्या. वॉशर नसेल तर रिव्हेट शीट फाडून बाहेर येतो. कडेपासून २ सेंमी आत, दर १२ ते १५ सेंमीला एक. रिव्हेट गन नसेल तर दाभणाने भोके पाडून चपला शिवायच्या मेणाच्या दोऱ्याने शिवा, तेही पक्के होते. भिंत बाहेर कलंडू नये म्हणून दोन्ही टोकांना २५ मिमीच्या नायलॉन निवारीची एकेक पट्टी, भिंतीच्या वरच्या कडेपासून पायाच्या टोकापर्यंत तिरकी, दोन्हीकडे रिव्हेटने. बॅग पायावर ठेवायची, म्हणजे तिचेच वजन पार्टिशनला धरून ठेवते.

गाडीत बसवायला ५० मिमीच्या व्हेल्क्रोची फक्त काटेरी बाजू लागते, डिकीचे कार्पेट मऊ बाजूचे काम करते. आधी छोटा तुकडा लावून बघा, गुळगुळीत कार्पेटवर तो धरत नाही. पट्ट्या पायाच्या खाली, भिंतीपासून लांबच्या कडेला लावा, कारण उचलला जातो तो तोच भाग. त्याही शिवूनच. उघड्या कडांना दाराच्या कडेला लावतात तशी रबरी यू-बीडिंग हवीच. कापलेल्या सनपॅकची कड बोटही कापते आणि बॅगही. वजन करून पाहिले तर सगळे मिळून साधारण ८०० ग्रॅम भरते, तेवढ्याच मापाचा १२ मिमी प्लाय अँगलशिवायच अडीच किलो.

बॅटरी डिकीत असेल तर तिची हवा जाण्याची नळी पायाखाली दबणार नाही, हे बसवताना पाहा. स्पेअर चाक आणि जॅक काढायला पार्टिशन एका हाताने उचलता आले पाहिजे.

एक गोष्ट मात्र या शीटकडून मागू नये. मागचे झाकण काचेसकट उघडते आणि सामान सीटच्या पाठीशी मोकळे असते, अशा गाड्यांत हे पार्टिशन अपघातात काहीही अडवणार नाही. ताशी ५० किमीची गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर १० किलोची बॅग सुमारे २०० किलोच्या जोराने पुढे येते. हवेचा पंप, हत्यारांची पेटी, अग्निशामक नळकांडे सीटच्या पाठीला टेकून खाली ठेवावे आणि कंपनीने दिलेल्या कड्यांना पट्ट्याने बांधावे.

आपला,
एक वाचक, पुणे