रात्रभर त्या लिव्हरजवळ बसलेल्या डॉक्टरांना

डॉक्टर, नमस्कार. आभार म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय, कामच आहे माझं" म्हणणार हे माहितीये, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय. ह्यांचं लिव्हर ट्रान्सप्लांट इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला झालं, त्यात सर्जन, नर्सेस, कोऑर्डिनेटर, रक्त देणारे, कितीजणांचे हात लागलेत, आणि ज्या घरानी स्वतःचा माणूस गेल्याच्या दिवशी हो म्हटलं त्यांचं ऋण तर फिटणारच नाही. पण त्या रात्री लिव्हर शरीराबाहेर जिवंत ठेवणाऱ्या मशीनपाशी बसून तुम्ही जे केलंत ते आपल्या लोकांना कळलंच पाहिजे.

फोन आला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की लिव्हर आहे पण जरा शंकेचं आहे, डोनरचं हृदय थांबल्यावर काढलेलं, थोडं फॅटी, दुसऱ्या सेंटर्सनी नको म्हटलेलं. आपल्याकडे मृत्यूनंतरचं अवयवदान बहुतेक ब्रेन डेड झाल्यावरच होतं त्यामुळे मला हा प्रकारच नवीन, पोटात गोळाच आला. दुसऱ्यांनी नाकारलेलं आमच्याच नशिबी का, असं मी तुम्हाला सरळ विचारलं. तुम्ही चिडला नाहीत, कॉरिडॉरमध्ये खुर्ची ओढून बसलात आणि जेवणाच्या मेन्यूकार्डच्या मागे पेननी चित्र काढत मराठीत समजावलंत.

म्हणालात, नेहमीची पद्धत म्हणजे अवयव थंड सोल्यूशननी धुवून बर्फात ठेवायचा, साधारण 4 डिग्रीला. थंडीत पेशींचं काम मंदावतं पण थांबत नाही, आत हळूहळू नुकसान चालूच असतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बर्फातलं लिव्हर चालणार की नाही ते पेशंटच्या पोटात बसवल्यावरच कळतं. आपल्याकडे ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या येतात, पोलीस रस्ते मोकळे करतात, ती सगळी धावपळ त्या बर्फातल्या वेळेशी असते हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं.

आणि तुमच्या मशीनमध्ये लिव्हर 37 डिग्रीला, म्हणजे अंगातल्याच तापमानाला असतं. पंप ब्लड बँकेतलं रक्त फिरवतो, मध्ये ऑक्सिजन मिळतो, सोबत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, शिवाय इन्सुलिन, पोषण चालू. रक्त आर्टरीतून आणि पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून लिव्हरला येणारी शीर) आत जातं, मोठ्या शिरेतून बाहेर येतं, आणि पित्तनलिकेला वेगळी नळी. म्हणजे ते लिव्हर शरीराबाहेर असून काम करत असतं, आणि काम करतंय का ते बघता येतं! मला हेच खरं मोठं वाटलं, नुसतं जास्त वेळ टिकतं हे नाही.

मग रात्रभर तुम्ही त्या मशीनपाशी. मधूनमधून बाहेर येऊन सांगत होतात, सुरुवातीला लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात साचतं ते) 11, मग 4, पहाटे 1.8. लिव्हर ठीक असेल तर ते लॅक्टेट स्वतःच साफ करतं, 2.5 च्या खाली यायला हवं, पण तेवढ्यावर भागत नाही, पीएच, रक्ताचा फ्लो, पित्त सगळं बघायचं असतं. "वहिनी, पित्त यायला लागलंय, रंग पण छान गडद आहे" हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पित्ताचा रंग ऐकून माणसाला रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तुम्ही खोटा धीर दिला नाहीत ह्याचे वेगळे आभार. बर्मिंगहॅमच्याच क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलच्या स्टडीबद्दल तुम्ही सांगितलंत, 2020 साली छापून आलेली, सगळ्यांनी नाकारलेली 31 लिव्हर मशीनवर लावली, 22 बसवण्याइतकी चांगली निघाली आणि ती मिळालेले 22 च्या 22 पेशंट 90 दिवसांनी जिवंत होते. पण त्यातल्या 4 जणांना पुढे पित्तनलिका आकसल्यामुळे परत ट्रान्सप्लांट लागलं, हेही तुम्ही लगेच सांगितलंत. मशीन सगळंच दुरुस्त करत नाही म्हणालात. त्यामुळेच सही करताना विश्वास वाटला.

मी नंतर बरंच वाचलं. ऑक्सफर्डचे सर्जन पीटर फ्रेंड आणि इंजिनीअर कॉन्स्टँटिन कूसिओस ह्यांनी वर्षानुवर्षं खपून हे बनवलं, 2013 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये अशा उबदार ठेवलेल्या लिव्हरचं पहिलं ट्रान्सप्लांट झालं, आणि 2018 च्या 220 ट्रान्सप्लांटच्या ट्रायलमध्ये फेकून द्यावी लागणारी लिव्हर निम्म्यावर आली. निम्म्यावर! वेटिंग लिस्टवर जीव टांगणीला लागलेल्या घरात बसून हा आकडा वाचा म्हणजे कळेल. माझं तर ठाम मत झालंय की आपल्याकडच्या मोठ्या सेंटर्सनी ह्याच्यावर जोर लावायला पाहिजे, मशीन महाग आहे मान्य, पण अवयव वाया जाणं स्वस्त आहे का?

आता ह्यांचं सांगते. डोळ्यांचा पिवळेपणा पूर्ण गेला, रिपोर्ट चांगले आहेत, टॅक्रोलिमसच्या (शरीरानी नवं लिव्हर नाकारू नये म्हणूनच्या गोळ्या) वेळा मोबाइलच्या अलार्मवर, आणि पित्तनलिकेसाठी तुम्ही सांगितलेलं स्कॅनही नॉर्मल आलं. खाज थांबली त्यामुळे रात्रीची झोप लागते, दोघांनाही.

तुमची फेलोशिप संपून तुम्ही पुण्याला परत जाताय असं वॉर्डात कळलं. आम्ही डिसेंबरमध्ये येतोय, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. ओपीडीत नाही हं, घरी येणार, आणि तुमच्या आईंना भेटायचंय मला.