भूल देणाऱ्या मॅडमना, ‘नाही’ म्हटल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

नागपूरच्या धंतोलीत तुमच्यासमोर येऊन बसले तेव्हा डोक्यात एकच होतं, लवकरची तारीख मिळावी. चिनूच्या दाढा किडलेल्या. रात्री गाल धरून रडायचा. नऊ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम, तोंडात आरसा घालू देईल तर शपथ! आधीच्या एका दवाखान्यात सांगितलं होतं, गुंगीचं सिरप पाजू, खुर्चीवरच अर्ध्या तासात उरकू. स्वस्तही होतं. आम्ही तयारच होतो.

तुम्ही मात्र दातांचं विचारलंच नाही. घोरतो का? झोपेत श्वास अडकतो का? हृदयाच्या छिद्राचं ऑपरेशन झालंय ना, मग नंतरचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कुठाय? मी म्हटलं, घोरतो, त्याचे बाबाही घोरतात. तुम्ही हसला नाहीत. झोपेतला व्हिडिओ काढून आणा म्हणालात. श्वास थांबतो आणि मग दचकून सुरू होतो, हे नऊ वर्षं शेजारी झोपून मला दिसलं नव्हतं.

जीभ मोठी, टॉन्सिल वाढलेले, श्वासाची वाट मुळात अरुंद. गुंगीत ती आणखी मिटणार, वर तोंडात पाणी आणि ड्रिल. म्हणून खुर्चीवरच्या सिरपला तुम्ही ‘नाही’ म्हणालात. मग लाफिंग गॅस? तो नाकानं ओढावा लागतो, आणि हा श्वास घेतो तोंडानं. म्हणजे पूर्ण भूल, तीही ऑपरेशन थिएटरात. ऐकूनच माझे हातपाय गार पडले. तुम्ही म्हणालात, “श्वासनळीत नळी घातली की वाट माझ्या ताब्यात. दात दातांचे डॉक्टर बघतील, मी फक्त श्वास बघणार.” खर्च वाढेल हेही तुम्हीच आधी सांगितलंत. मानेचा एक्स-रे काढायला लावलात, कारण अशा मुलांचे मानेतले वरचे मणके सैल असू शकतात आणि नळी घालताना मान हलवावी लागते. हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो भुलेचा मास्क! सवय व्हावी म्हणून आधीच घरी दिलात. चार दिवसांत चिनूनं तो आजीला लावला, बाबांना लावला, तुळशीलाही लावला. थिएटरात स्वतःच नाकावर धरला.

उपासाचा कागद फ्रिजवर चिकटवला होता: दूध-जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तरी पहाटे सासूबाई दुधाचा कप घेऊन उभ्या, “पोराले उपाशी कायले ठेवता?” मे महिन्यातलं नागपूर, पहिला नंबर तुम्ही त्याला दिलात म्हणून निभावलं.

एकाच भुलेत दोन दाढा काढल्या, चार भरल्या. घरी जायची घाई आम्हालाच होती. तुम्ही बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलंत.

परवा त्यानं पोळी चावून खाल्ली, भिजवून नाही. तुमची चिठ्ठी घेऊन सोमवारी टॉन्सिलसाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातोय. मास्क बरोबर न्यायचाच, असा त्याचा हट्ट आहे.

तुमची,
चिनूची आई