बघू नये ते बघून झाल्यावर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

क्लासच्या ग्रुपवर फिरलेला तो मारहाणीचा व्हिडिओ तूही पाहिलास, हे मला कळलंय. ओरडायला लिहीत नाहीये. समोर बसून विषय काढला तर ‘काही नाही गं’ म्हणून उठशील, म्हणून कागदावर.

‘आठवायचंच नाही’ असं ठरवलंस की ते जास्त आठवतं. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, तर अस्वल हटेचना. तेव्हा दृश्य आलं तर येऊ दे, हातातलं काम चालू ठेव. काम मात्र डोळे आणि हात दोन्ही गुंतवणारं हवं. ऑक्सफर्डच्या एमिली होम्स यांनी २००९ मध्ये लोकांना अपघात-मृत्यूंची दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने काहींना १० मिनिटं टेट्रिस (वरून पडणारे ठोकळे रचायचा व्हिडिओ गेम) खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. डोक्यात चित्रं धरून ठेवायची जागा थोडी असते, ती खेळाने अडवली. तुझ्या बाबतीत ती वेळ टळून गेलीय, पण पुढच्या वेळी लक्षात ठेव. नुसतं पुस्तक उघडून बसण्यापेक्षा तुझा रुबिक क्यूब बरा.

‘एकदा नीट बघितलं की भीती जाईल’ असं वाटून पुन्हा लावू नकोस. दरवेळी आधी न दिसलेलं काहीतरी दिसतं, आवाज पक्का बसतो. घाबरलो नाही हे दाखवायला पुढे पाठवणारी पोरं असतात, तेही नको. आणि खाली लिहिलेलं ठिकाण, तारीख खरी धरू नकोस. जुन्या, भलत्याच देशातल्या क्लिपा ‘कालची घटना’ म्हणून फिरतात. माणसं असं करतात हे मात्र खरं आहे, ते मी नाकारणार नाही. चिऊला यातलं काही सांगू नकोस, ती अजून लहान आहे.

आता फोन. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त मीडिया ऑटो-डाउनलोड आहे. मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग, तिन्हींतल्या फोटो-व्हिडिओच्या खुणा काढ. एकट्या वाय-फायची राहिली तर घरी आल्या आल्या सगळं उतरतं. मग व्हिडिओ धूसर दिसेल, बोट लावल्याशिवाय उघडणार नाही. ‘प्रायव्हसी’त ग्रुप्सला ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेव, म्हणजे अनोळखी कोणी तुला ग्रुपात ओढणार नाही. चॅटमधून काढलेला व्हिडिओ गॅलरीतही राहिला असेल, तिथूनही काढ.

एक गोष्ट वेगळी. कधी एखाद्या लहान मुलाचं किंवा मुलीचं अश्लील काही आलं, तर स्क्रीनशॉट नाही, फॉरवर्ड नाही, मलासुद्धा नाही. ‘बघा किती वाईट’ म्हणून पाठवलं तरी आयटी कायद्याच्या ६७ब कलमात अडकशील. नंबर, ग्रुपचं नाव, वेळ कागदावर लिही आणि मला हाक मार. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार आपण मिळून करू.

झोप उडालेलीच राहिली, अभ्यासात लक्ष लागेनासं झालं, तर महिनाभर वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरांकडे जाऊ. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

ग्रुप सोड असं म्हणत नाही, क्लासचं टाइमटेबल तिथेच येतं. म्यूट करायचा का, ते तुझं तू ठरव.

तुझी,
आई