रविवारी चॉपर आणि जुन्या गाड्या, खडकवासला

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 7 वाजता खडकवासला चौपाटीवर जमायचं आहे. आपल्या एका सभासदाने जुन्या बुलेटची चॉपर, म्हणजे मूळ गाडी कापून-बदलून केलेली मोटरसायकल, बांधली आहे: पुढच्या चाकाचा फोर्क लांब, टाकी छोटी, हँडल उंच. वेल्डिंग इतकं साफ की जोड बोटाला लागत नाही. बघायलाच हवी.

शेजारी येझदी रोडकिंग आणि यामाहा आरएक्स 100 या जुन्या मोटरसायकली लावून तुलना करू. येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच, हे नव्या पोरांनी स्वतः पाय लावून बघावं.

- हेल्मेट सक्तीचं. आरसी, विमा, पीयूसी जवळ ठेवा.
- टू-स्ट्रोकवाल्यांनी (पेट्रोलसोबत ऑइलही जाळणाऱ्या इंजिनाच्या गाड्या) ऑइल आणि जादा स्पार्क प्लग आणावा.
- मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्याही गाडीवर बसू नये, अ‍ॅक्सिलरेटर पिळून इंजिन रेस करू नये.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गाडीचं मॉडेल आणि साल कळवावं.