‘लेप’ कुठेच लागत नाही

संपादक महोदय,

परगावाहून मृतदेह आणल्याच्या किंवा देहदानाच्या बातमीत ‘शवाला लेप लावला’, ‘मसाला भरला’ असे हमखास छापून येते. वाचणाऱ्याला वाटते, अंगावरून काहीतरी चोपडत असतील. घोटाळा मूळ इंग्रजी शब्दातच आहे: ‘एम्बामिंग’, म्हणजे मृतदेह कुजू नये म्हणून तो राखणे. त्यातला ‘बाम’ आणि घरोघरी कपाळाला चोळतात तो बाम एकच. ग्रीक ‘बाल्सामोन’ म्हणजे झाडाची सुगंधी राळ. लॅटिन आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला. राळेत माखणे, हा जुना अर्थ. ‘शवलेपन’ हे त्याचेच भाषांतर.

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयातल्या इजिप्शियन ‘ममी’चे नावही असेच फसवे. फारसी ‘मूम’ म्हणजे मेण, त्यावरून ‘मूमिया’ म्हणजे डांबर. काळी पडलेली शरीरे पाहून ती डांबराने राखली असे लोकांनी ठरवले. वास्तविक ती टिकली मुख्यतः नेट्रॉन या क्षाराने ओलावा शोषल्यामुळे.

आज शरीर आतून राखतात. मांडीतली किंवा मानेतली रोहिणी (धमनी) उघडून नळी बसवतात आणि प्रौढ देहात साधारण ८ ते १० लिटर द्रावण सोडतात. त्यात फॉर्मॅलिन (म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड) जंतू मारते आणि प्रथिने घट्ट करते, ग्लिसरीन ऊती कोरड्या पडू देत नाही, फिनॉल बुरशी रोखते. बाकी स्पिरिट आणि पाणी. पंप नसेल तर डबा पाच-सहा फूट उंच टांगला तरी काम होते, फक्त वेळ लागतो. घाईने दाब वाढवला की चेहरा सुजतो. फॉर्मॅलिन जास्त झाले तर बारीक वाहिन्या आधीच आखडतात आणि द्रावण पुढे सरकत नाही. रक्ताची गुठळी आडवी आली तर एखादा हात किंवा पाय कोराच राहतो. तिथे रंग बदलतो, म्हणून तो वेगळा भरावा लागतो. शवविच्छेदन झालेल्या देहात वाहिन्या कापलेल्या असतात, द्रावण पोटातच गळते. अशा वेळी हात, पाय, डोके प्रत्येकाला स्वतंत्र नळी लावण्यावाचून इलाज नाही. अनेक वैद्यकीय महाविद्यालये असा देह देहदानात घेत नाहीत, त्याचे हे एक कारण.

‘शवरक्षण’ किंवा सरळ ‘एम्बामिंग’ लिहावे, ही विनंती. बातमीत एक ओळ आणखी द्यावी: देहदान करायचे असेल तर देह शीतपेटीत ठेवून महाविद्यालयाला लगेच कळवावे, आणि नेत्रदान आधी, सहा तासांच्या आत उरकावे, डोळे दिल्याने देहदान अडत नाही.

– शरीररचनाशास्त्राचे काही निवृत्त अध्यापक, दांडिया बाजार, बडोदे